निजलेल्यांना सलाम

प्रेतावरची चादर बाजूला करण्याआधी मामा सलाम करायचे. उजवा हात कपाळापर्यंत न्यायचा, थोडं वाकायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "सलाम. मी आलोय. भिऊ नगंस."

आमच्या भागातले ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटले की सलाम करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मेलेल्या माणसाला सलाम करणारा मी मात्र हा एकच पाहिला.

सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडचा, पंचविशीतला, तिथं कंपाउंडर म्हणून लागलो होतो. मामा (सगळा दवाखाना त्यांना मामाच म्हणायचा) वॉर्डात झाडलोट करायचे, रुग्णांना उचलायचे, बसवायचे. दवाखान्याच्या मागं कडुलिंबाखाली पत्र्याची एक खोली होती. नातेवाईक गाडी घेऊन येईपर्यंत प्रेत तिथं ठेवत. ती खोली मामांची. दुसरं कुणी तिच्या वाऱ्याला जायचं नाही.

'मेला' हा शब्द मामांच्या तोंडी कधी आला नाही. मेलेला माणूस त्यांच्या लेखी 'निजला'. खरोखर झोपलेल्या रुग्णाला ते 'डोळा लागलाय' म्हणायचे. मी एकदा त्यांची चेष्टा केली.

"मामा, मग हे सगळे उठणार कधी?"

"शेवटच्या दिशी देवाचं शिंग वाजल्यावर."

"आणि ऐकूच आलं नाही तर?"

"त्यास्नी येतंय. तुझंच अवघड हाय गड्या. तू जागा असून ऐकत न्हाईस."

प्रेताचं तोंड पुसायला त्यांना चुलीवरचं ऊन पाणी लागायचं. सरपण वाया जातं म्हणून नर्सबाई कुरकुरायच्या. "गार पान्यानं दचकत्यात बाई," एवढंच उत्तर. हनुवटीची पट्टी ते सैल बांधायचे, कारण उठल्याउठल्या माणसाला काहीतरी बोलायचं असतं. चादर गळ्यापर्यंतच. खोलीचं दार ते कधी पुरतं लावत नसत.

दुपारी वॉर्ड शांत झाला की त्या दाराच्या फटीतून मामांचं बोलणं ऐकू यायचं. गाव कुठलं, पोरं किती, पाऊसपाणी कसं. बोलण्याची भीती नव्हती वाटत. भीती वाटायची ती मधल्या थांबण्याची. एक प्रश्न विचारून मामा थांबायचे, समोरच्याला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ. मग "व्हय, व्हय" म्हणून हसायचे. तेवढ्यासाठी मी औषधाची खोली सोडून लांब जाऊन उभा राही.

वर्षभरात त्यांचा शब्द सगळ्या वॉर्डाला लागला. नर्सबाई म्हणायच्या, "तीन नंबर निजला." मीही तसंच म्हणू लागलो. इथूनच माझा गुन्हा सुरू होतो.

थंडीचे दिवस होते. डॉक्टर जीप घेऊन पूर्वेकडच्या गावांत कॅम्पला गेले होते. सात नंबरच्या कॉटवर जतकडची एक तरुण बाई होती. बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं होतं. दर अर्ध्या तासानं नाडी बघ, असं डॉक्टर मला बजावून गेले होते. मला तीनची साताऱ्याची एस.टी. धरायची होती, दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं. कपडे इस्त्री करणं, पिशवी भरणं यात मी दोन तास तिच्याकडं फिरकलोच नाही.

निघता निघता दारातूनच तिच्या सासूला विचारलं, "आजी, सून कशी आहे?"

"निजली वो," म्हातारी म्हणाली.

ती आदल्या दिवशीच गावाकडून आली होती. आमच्या वॉर्डातला अर्थ तिला कुठून ठाऊक असणार? पुढंही ती काही म्हणत होती, ते मी ऐकलं नाही. लगबगीनं कॉटपाशी गेलो आणि मनगट धरलं. गार होतं. दोन श्वासांपुरतं बोट ठेवलं, काही लागलं नाही. मी चादर तोंडावर ओढली. म्हातारी माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं हंबरडा फोडला. डॉक्टर नसले की कागदावर वेळ मीच लिहायचो. ती लिहिली, मामांना सांगितलं. ते तिला मागच्या खोलीत घेऊन गेले; मी कपडे बदलून, पिशवी उचलून निघालो.

फाटकापाशी पोचलो तोच मागून हाक आली. मामा खोलीच्या दारात उभे होते. हातातल्या फडक्यातून वाफ निघत होती.

"उठली! आरं, उठली रं!"

मी आत धावलो. ती बाई डोळे उघडे ठेवून पडली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर तशीच पुढं मामांकडं नेली. ओठ हलले.

"काका, तुमी मगाधरनं काय इचारत हुता?"

ती जगली. महिन्याभरात चालत घरी गेली. तिच्या सासूकडून मला नंतर कळलं, की त्या दिवशी म्हातारी पुढं म्हणत होती, "लय दिसांनी निजली, उठवू नगा."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नाडी पाहिली होतीस ना?"

"पाहिली होती साहेब. नव्हती."

त्या एका वाक्यानं माझी नोकरी राहिली आणि मामांना साक्ष मिळाली. येईल त्याला ते सांगू लागले, "म्या डोळ्यांनी बघितलंय." ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणतात, तिथं त्यांनी उभं राहून ही गोष्ट सांगितली. मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो.

दोन वर्षांनी मामांची बायको काविळीनं गेली. मामांनी तिला पुरायला दिली नाही. घरातच पलंगावर ठेवली आणि उशाशी बसून राहिले. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. देवळाचे पाळक, म्हणजे पाद्री, समजवायला आले.

"मामा, आपली आशा शेवटच्या दिवसाची आहे. आज-उद्याची नाही."

"तुमी वाचलंय साहेब. म्या बघितलंय."

पाळक हात चोळत बाहेर आले. मामा कशाच्या भरवशावर बसून आहेत हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. मी आत गेलो. वास असह्य होता. चुलीवर पाणी उकळत होतं.

"मामा, ती सात नंबरची बाई मेलीच नव्हती. मी नाडी नीट बघितली नाही. घाईत होतो. डॉक्टरांशीसुद्धा खोटं बोललो."

मामांनी वर पाहिलं नाही.

"म्हंजी जित्या बाईला तू माझ्याकडं धाडलीस."

"होय."

"आन् म्या दार लावून गेलो आसतो तर?"

वाटलं, आता हे उठून मारतील. मारावं, असंही वाटलं. त्यांनी बायकोच्या कपाळावर हात ठेवला.

"ऐकलंस का? खरं बोलला पोरगा."

मग ते थांबले. त्या खोलीच्या फटीतून ऐकू यायचं तसंच ते थांबणं. यावेळी मला पळून जायला जागा नव्हती.

"व्हय, व्हय," मामा तिला म्हणाले. त्यांचा चेहरा ओला होता. "मग उद्या न्हाई. शेवटच्या दिशीच." आणि माझ्याकडं वळून, "चल, खड्डा बघू."

कबरस्तानात पाळकांच्या सांगण्यावरून चार माणसांनी खड्डा खणून ठेवला होता, शेवटच्या दिवशी उठल्यावर तोंड उगवतीला यावं म्हणून पायथा उगवतीकडं. मामा काठावर बसले, आत उतरले आणि सरळ उताणे झोपले. हात छातीवर घेतले, डोळे मिटले. खणणारे मागं सरकले. मामा हलेनात. त्यांच्या मिशीवर मातीचं ढेकूळ फुटलं, तरी चेहऱ्याची सुरकुती हलली नाही.

"मामा," मी म्हणालो. "मामा!"

"जरा रुंद करा," खालून आवाज आला. "तिला कूस बदलायची सवय हाय."

डोळे तसेच मिटलेले. मग त्यांनी एक हात वर केला. कुणी पुढं होईना. मी वाकून तो धरला आणि ओढला. एवढ्याशा माणसाचं एवढं वजन असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या पायाखालची माती सुटली, एक पाय आत घसरला, आणि मामांनी हात सोडला नाही. शेवटी त्या चौघांनी माझ्या कमरेला धरून आम्हा दोघांना वर काढलं.