सरपंचांचा दिवा आणि आमचा अंधार

आमच्या दुर्बिणीचे फोटो हार्ड डिस्कवर साठतात आणि किस्से अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. हार्ड डिस्क दोनदा उडाली. किस्सा मात्र एकही उडाला नाही, उलट दर वेळी थोडा वाढूनच परत येतो!

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. जवळच्याच एका गावाच्या माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये आमची दुर्बीण आहे. एका मोठ्या संस्थेनं ती आम्हाला वापरायला दिलीय, एकाच अटीवर. माळावर अंधार पाहिजे. उजेड वाढला की दुर्बीण परत! ही दुर्बीण एकेका ताऱ्याच्या मागे लागत नाही. आभाळाचा भला मोठा तुकडा एकाच फोटोत घेते आणि कालच्या-आजच्या फोटोत काय बदललं ते कॉम्प्युटर सांगतो. तो कॉम्प्युटर सांभाळतात कांबळे मॅडम, मूळच्या उमरीच्या आणि बोलायला भारी तिखट. मला दुर्बिणीचा इतका लळा लागलाय, की बायको तिचा उल्लेख 'तुमची ती' असाच करते.

* * *

उद्घाटनाला नांदेडहून एक पुढारी आले होते. या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नसते, मागे कॅमेरा असतो. पण हे त्यांना सांगायचं कुणी? पाहुण्यांनी फेटा सावरला, एक डोळा मिटला आणि दुर्बिणीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. शेवटी कॅमेऱ्याच्या पंख्याला डोळा लावून म्हणाले, "वा! शनीचं कडं काय सुरेख दिसून राहिलंय!"

टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

भर दुपारची वेळ होती आणि शेडचं छप्पर अजून उघडलंही नव्हतं.

* * *

एका सकाळी शेजारच्या शेतातले नामदेवआप्पा आले. त्यांची म्हैस हरवली होती.

"तुमच्या दुर्बिणीत लई मोठा मुलूख दिसतो म्हणं. जरा बघा की!"

मॅडम म्हणाल्या, "आप्पा, ही फक्त वर बघते."

"मग घटकाभर खाली करा. आभाळ कुठं पळून चाललंय?"

बराच वेळ समजावलं. आप्पा चिडून निघाले, शेडला वळसा घातला आणि तिथूनच ओरडले. म्हैस आमच्याच शेडमागच्या सावलीत रवंथ करत बसली होती!

"चांदण्या दिसतात म्हणं," तिला उठवत आप्पा म्हणाले, "अन् पाठीमागची म्हैस दिसंना!"

गावात आमची पत गेली ती तेव्हापासून.

* * *

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. कॉम्प्युटरनं इशाऱ्यांचा नुसता धडाका लावला होता. एका रात्रीत सगळ्याच्या सगळ्या ताऱ्यांचा उजेड कमी झालेला!

मॅडम शांत होत्या. "सर, दोनच शक्यता आहेत. एक तर विश्व संपत आलंय, नाहीतर गणपतमामा आत गेले होते."

गणपतमामा म्हणजे आमचे वॉचमन. विश्वाला काही झालं नव्हतं. मामांनी खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा केली, त्यात दुर्बीणही आली. काचेवर हळद-कुंकू, गंध, अक्षता, सगळं यथासांग.

मी ओरडलोच. मामांना फार वाईट वाटलं. "आता काय सांगावं सर, नारळसुद्धा काचेवरच फोडणार होतो. पण म्हटलं, तुम्हाला आवडतंय का न्हाई!"

* * *

खरी भीती सरपंचांची होती. बालाजीराव माणूस दिलदार, पण गावात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा बसवायचा त्यांनी ध्यास घेतलेला. दिवा मंजूर झाला होता, खाली त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. तो दिवा लागला असता तर आमची दुर्बीण आंधळीच झाली असती. मी अक्षरशः हात जोडले.

"सर," ते म्हणाले, "आजवर लोकं माझ्याकडं उजेड मागायला आली. अंधार मागायला आलेले तुम्ही पहिलेच!"

पण ऐकलं. पाटीवर पाणी सोडलं आणि दिवा रद्द केला. शिवाय रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आभाळात जाऊ नये म्हणून सोयाबीन तेलाचे रिकामे डबे कापून प्रत्येक दिव्यावर पालथे घातले. पुढं औशाहून मुलगी बघायला आलेले पाहुणे खांब बघत बघत विचारते झाले, "गावात तेलाचा कारखाना हाय का?"

* * *

आणि मग संस्थेचे साहेब अंधार तपासायला येणार असं कळलं. दुर्बीण राहणार की जाणार, ते त्याच रात्री ठरणार होतं. मी सरपंचांना एवढंच म्हणालो, "साहेब येतायत, गावाची साथ पाहिजे."

दिवेलागणीला पोचतो तर काय! वेशीवर कमान, झाडाझाडावर लाइटच्या माळा, डीजेचे फिरते झोत थेट आभाळात, आणि कमानीवर लुकलुकती अक्षरं: 'अंधार पाहणी पथकाचे हार्दिक स्वागत!'

"सर," मॅडम म्हणाल्या, "दुर्बीण पॅक करायला खोकी आणू का?"

मला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं. बालाजीरावांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लाइनमनला फोन लावला.

"आरं, गावाची लाइट घालव!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आणू न्हाई रे बाबा! घालव म्हणून राहिलो!"

तेवढ्यात साहेबांची गाडी वेशीत शिरली आणि सगळं गाव गुडुप झालं. रात्र चढल्यावर माळावर साहेबांनी अंधार मोजायचा मीटर आभाळाकडं धरला, आकडा बघितला, पुन्हा धरला. "कमाल आहे! असा अंधार मी कित्येक वर्षांत बघितला नाही. दुर्बीण इथंच राहील."

मी मॅडमचा हात इतक्या जोरात दाबला की त्या ओरडल्या.

परत जाताना साहेब अंधारातच बोलत बोलत पुढं निघाले, आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यावर एकदम दिसेनासे झाले. नालीत! पार कमरेपर्यंत. बालाजीराव धावले, ओणवे झाले, हात दिला आणि त्यांना अर्धं वर ओढलंही.

साहेब धापा टाकत म्हणाले, "काय हो सरपंच, एवढं मोठं गाव, इथं एखादा मोठा हायमास्ट दिवा का नाही बसवला?"

बालाजीरावांनी हात सोडून दिला.