बूथमधली खुर्ची

"कान दुखतात काय ओ बाय?"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने विचारलं तेव्हा मी दोन्ही कानांत स्पंजचे इअरप्लग बसवत होते. सालवडला सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त ऑर्केस्ट्रा होता. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते, आणि माझ्या नणंदेने मोठ्या प्रेमाने मला त्यातल्या एकाच्या समोर, पहिल्याच रांगेत, आणून बसवलं होतं. ती स्वतः मैत्रीण दिसली म्हणून मागे निघून गेली होती.

मी त्या बाईला सांगितलं, दुखत नाहीत, दुखू नयेत म्हणून घालते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे. माणसाला ऐकू किती येतं ते मी मोजते, आणि कमी येत असेल तर मशीन बसवून देते. बोईसरला स्टेशनजवळ माझं क्लिनिक आहे. गाणी ऐकायला कानात बोळे घालून जाणारी म्हणून घरात माझी यथेच्छ चेष्टा होते. होऊ दे. म्हातारपणी 'काय म्हणालीस?' असं मी विचारणार नाही, ते विचारतील.

पर्समध्ये जादाची एक जोडी असते, ती मी तिच्यापुढे धरली. ती हसली. म्हणाली, "मला नको, आमच्या माणसाला द्या. घरी माझं काय ऐकत नाय. ढोलकी तेवढी ऐकू येते." आणि तिने स्टेजकडे बोट केलं.

ढोलकीवर तिचा नवरा होता, हरेश्वर. ती नयना. दोघं समुद्रकाठच्या मुरबे गावची, कोळी. पण हरेश्वर समुद्रावर न जाता एमआयडीसीतल्या फोर्जिंगच्या कंपनीत लागलेला. तिथे लालभडक तापलेलं लोखंड प्रेसखाली ठोकून त्याचे पार्ट बनवतात. शिफ्टच्या सोयीसाठी सालवडला खोली घेतलेली. हे सगळं तिने मला पहिल्या दोन गाण्यांत सांगून टाकलं. नवरा ऐकत नाही ही तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येते, आणि बहुतेक नवऱ्यांचे कान ठणठणीत असतात. त्यामुळे मी नयनाचं बोलणं हसण्यावारी नेलं.

मग एका गाण्याच्या मधोमध कोणी एक देणगीदार काका हार आणि शाल घेऊन स्टेजवर चढले. गायिका आलाप घेत होती. आलाप संपला की ढोलकीने धाडकन यायचं आणि ध्रुवपद सुरू व्हायचं, असा तो मामला. काका कीबोर्डवाला आणि ढोलकीवाला यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले. आलाप संपला. ढोलकी आलीच नाही.

हरेश्वरचे हात हवेत होते. तो गायिकेकडे बघत नव्हता, ढोलकीकडे बघत नव्हता. मान वाकडी करकरून काकांच्या पलीकडचं काहीतरी शोधत होता. तेवढ्यात कीबोर्डवाला स्टुलावरून जवळजवळ पडेल इतका कडेला झुकला आणि त्याने डावा पाय लांब बाहेर काढून स्टेजवर आपटला. पाय दिसला आणि ढोलकी आली. लोकांना वाटलं मुद्दाम थांबवली होती. त्यांनी शिट्ट्या मारल्या. मी मात्र त्या पायाकडे बघत राहिले.

मध्यंतरात मी कीबोर्डवाल्याला गाठलं. त्यांचं नाव जगताप, मूळचे सोलापूरकडचे, एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. मी सरळ विचारलं, "तुमचा पाय इतका मोठा का हलतो?" त्यांनी मला हाताला धरून जनरेटरच्या बाजूला नेलं.

"मॅडम, हळू बोला. त्याला दिसावा म्हणूनच मी मोठा हलवतो."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी गणपतीत माझ्या लक्षात आलं. मी त्याला विचारलं नाही, त्यानं मला सांगितलं नाही. पाय हलवायला मला काय पैसे पडतात?"

मी या धंद्यात अनेक मशीनं हाताळली. अशी सोय कुठल्याही मशीनमध्ये पाहिली नाही. ऑर्केस्ट्रात भेटलेला एक परका माणूस दुसऱ्यासाठी वर्षभर गुपचूप पाय आपटत होता, आणि बायकोलासुद्धा पत्ता नव्हता.

आता थोडं कानाबद्दल. कारखान्याच्या गोंगाटाने कान बंद पडत नाही, झिजतो. आधी वरचे बारीक सूर जातात. मग बोलण्यातले स, श, फ असे आवाज निसटायला लागतात. माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. घरचे म्हणतात, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. त्यात भर म्हणजे गर्दीच्या आवाजात कुठला आवाज कशाचा हे सुटं होत नाही. स्टेजवर हरेश्वरला सगळा एक गोळा ऐकू येत होता. आणि एकदा झिजलेला कान परत येत नाही. उरलेला सांभाळायचा, एवढंच हातात असतं.

योगायोग असा की हरेश्वरच्याच कंपनीतल्या कामगारांच्या कानांच्या वार्षिक तपासणीचं काम त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. पुढच्याच आठवड्यात कॅम्प होता. सेफ्टी ऑफिसर शिंदे साहेबांनी कामाआधीच मला सांगितलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे दरवर्षी सगळे नॉर्मल असतात." प्रेसशेजारी उभं राहून हे सांगताना त्यांना ओरडावं लागत होतं.

तपासणी अशी असते. बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी एक छोटी केबिन असते, तिला आम्ही बूथ म्हणतो. माणूस आत हेडफोन लावून बसतो. मी बाहेरून वेगवेगळे सूर सोडते, बारीक, जाड, मोठे, अगदी हलके. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मध्ये काच असते, मला माणूस दिसावा म्हणून.

हरेश्वर आत बसला. मला तो ओळखत नव्हता. मी सूर सोडत गेले आणि तो सगळ्याला बटण दाबत गेला. इतक्या हलक्या सुरांना दाबलं की शाळकरी पोरांनाही ते कधीकधी ऐकू येत नाहीत. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्या कोपरावर होते. मी सूर सोडायचं बटण दाबलं की माझं कोपर हलत होतं, आणि कोपर हललं की त्याचा अंगठा. जगतापांचा पाय तसं माझं कोपर!

मी बूथचं दार उघडलं आणि त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. परत सूर सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. हरेश्वर भिंतीकडे बघत, अंगठा बटणावर ठेवून, शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखा बसून होता.

बाहेर आल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, नॉर्मल लिवा. मी कंत्राटी हाय. कान गेला म्हणाल तं उद्या मला कोण गेटच्या आत घेत नाय."

तो खोटं बोलत नव्हता. रिपोर्ट मला कंपनीला द्यावाच लागतो. परमनंट माणसाला दुसरीकडे हलवतात. कंत्राटी माणसाला फक्त कंत्राटदाराचा फोन येणं बंद होतं. आणि नॉर्मल लिहिलं तर तो वर्षभर त्याच प्रेसवर उभा राहणार, आणि पुढच्या वर्षी जगतापांचा पायही पुरणार नाही. मला त्याचा राग आला, कंत्राटदाराचा आला आणि शिंदे साहेबांचा तर आलाच आला. मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही. पण नियमाप्रमाणे, कान शांत झाल्यावर, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, एकदा फेरतपासणी करता येते. उद्या सकाळी ये. तोपर्यंत मी काहीच लिहीत नाही.

संध्याकाळी क्लिनिकमध्ये नयना आली. बरोबर जगताप. तिला सगळं तासाभरापूर्वीच कळलं होतं, हरेश्वरकडून नव्हे, जगतापांकडून; कंपनीतून सुटल्यावर हरेश्वर आधी त्यांच्याकडेच गेला होता. ती माझ्यावर चिडली असेल असं वाटून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो बाजूला ठेवला.

"मी त्याला किती बोलली असंन, ऐकत नाय म्हणून. सगल्या मुरब्यात सांगत फिरली." तिचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "बाय, तुमी खरं लिवा. काम गेलं तं माझ्या भावाची बोट हाय. कान गेला तं काय हाय?"

जगताप उठले. जाताना फक्त म्हणाले की आज त्यांची नाइट शिफ्ट आहे, पण आधी हरेश्वरकडे जाऊन बसतो. मला त्या दोघांचे पाय धरावेसे वाटले. रिपोर्ट लिहिण्याचं जे बळ मला माझ्या डिग्रीने द्यायला हवं होतं, ते त्या दोघांनी दिलं.

सकाळी कंपनीत पोचले तर बूथबाहेर हरेश्वर उभा होता, आणि त्याच्यामागे प्रेस शॉपमधले, म्हणजे प्रेसच्या विभागातले, बरेच जण. मला वाटलं, भांडायला आलेत. त्यातला एक पांढऱ्या मिशीचा बिहारी गडी पुढे झाला आणि म्हणाला, "मॅडम, हमारी भी कुर्सी घुमाइए." कोपर बघायची युक्ती हरेश्वरनेच सगळ्यांना शिकवली होती. काल रात्री त्यानेच एकेकाच्या खोलीवर जाऊन सांगितलं, आता खरं दाबा.

मी भिंतीकडे तोंड करून खुर्ची ठेवली आणि एकेकाला आत घेतलं. दुपारपर्यंत माझ्यासमोर जे कागद साठले, ते बघून मला जेवण गेलं नाही. ते घेऊन मी शिंदे साहेबांकडे गेले.

त्यांनी चाळले. परत चाळले. "हे शक्य नाही. गेल्या वर्षी सगळे नॉर्मल होते."

"गेल्या वर्षी सगळे काचेकडे तोंड करून बसले होते."

"मॅडम, एकदोन असते तर कंत्राटदाराला सांगून काहीतरी..."

"म्हणजे घरी पाठवलं असतं."

त्यांनी कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "पूर्ण शॉप घरी पाठवला तर प्रेस कोण चालवणार?"

"तोच प्रश्न मीही विचारते आहे," मी म्हटलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला आणि त्याच बैठकीत वरच्या साहेबांना फोन लावला. फोनवर ते आधी हळू बोलत होते. मग जरा मोठ्याने. मग मला म्हणाले, लेखी द्या, काय काय करावं लागेल ते. मी तिथेच बसून लिहिलं. प्रेसभोवती आवाज अडवणारी भिंत. सगळ्यांना चांगले इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे दिसणारे पण आवाज आत न येऊ देणारे. प्रेसवर पाळीपाळीने माणसं. आणि ज्यांचे कान जास्त झिजलेत त्यांना दुसरं काम, त्याच पगारावर. शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं.

सगळं झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. भिंत व्हायला बरेच महिने गेले, आणि इअरमफमध्ये घाम येतो म्हणून अर्धे जण ते मानेत अडकवून फिरतात, मी दिसले की कानावर चढवतात. पण घरी कोणाला पाठवलं नाही. हरेश्वर डिस्पॅचला, म्हणजे तयार माल पाठवायच्या खात्यात, गेला. एका कानाला मशीन बसवलं. ते बसवल्यावर पहिल्यांदा नयनाने त्याला हळू आवाजात काहीतरी म्हटलं. काय ते मला कळलं नाही, त्याला कळलं. तो लाजला.

यंदा सालवडला परत ऑर्केस्ट्रा झाला. नयनाने आधीच फोन करून सांगितलं होतं की खुर्ची धरून ठेवते. या वेळी दोघींच्या कानात इअरप्लग होते. ऑर्केस्ट्रावाल्यांनी हरेश्वरच्या पायाशी एक छोटा मॉनिटर ठेवला होता, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर. त्यात फक्त गायिकेचा आवाज, तोही माझ्या धाकाने बेताचा.

गाण्याच्या मधोमध तेच काका हार आणि शाल घेऊन चढले. त्याच जागी उभे राहिले. नयनाने माझा हात घट्ट धरला. आलाप संपला आणि ढोलकी आली, धाडकन, जिथे यायची तिथे. हरेश्वरचे डोळे मिटलेले होते. काकांच्या पलीकडे जगतापांचा पाय मात्र जोरजोरात आपटतच होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना म्हटलं, आता गरज नाही हो. ते म्हणाले, असू दे, सवय झाली.

त्या दिवशी नणंदेने मला दुसऱ्या रांगेत बसवलं असतं, तर मी यातलं काहीच पाहिलं नसतं. तिचे आभार मी अजून मानलेले नाहीत, ती डोक्यावर बसेल. बाकी धंद्याचं म्हणाल तर एकच शिकले. कान तपासताना माणसाचं तोंड भिंतीकडे असावं. माझ्या बूथमधली खुर्ची आता तशीच स्क्रूने जमिनीला बसवलेली आहे.