कुलूप तोडलेलं मशीन

धडगावला मला काम मिळालं ते एका सरकारी कार्यालयात, कंत्राटावर, दिवसभर कॉम्प्युटरवर बसून अर्ज भरायचं. आमचं गाव नंदुरबारजवळचं कोरीट. तिथून घाट चढून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली शोधत फिरले आणि त्या फिरण्यात आपा भेटली. ती बँकेत होती. नंदुरबारच्या जुन्या मुसलमान घरातली, माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणू लागले. तिने बाजाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर भाड्याने घेतलं होतं, तिथेच मी राहायला गेले. तिच्यासोबत आधीपासून सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहायची. तिला सगळं धडगाव सिस्टर म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. ती डोंगरातलीच. तिच्या आईचं माहेर मणिबेलीला, नर्मदेच्या काठावर. त्यातलं बहुतेक गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

आपा आणि मी आपसांत अहिराणीत बोलायचो, कारण नंदुरबारकडच्या माणसांना एकमेकांशी दुसरं काही बोलणं जमतच नाही. सिस्टरशी मात्र मराठीत. तिला अहिराणी समजायची, पण ती घरच्यांशी फोनवर तिची बोली बोलायची आणि आमच्याशी शाळेतली मराठी.

गेमचं मशीन आपाच्या भावाचं होतं. तो आखातात नोकरीला गेला आणि जाताना मशीन बहिणीच्या हवाली करून गेला. त्याबरोबर एकच गोष्ट त्याने बजावली होती. याला नेट लावायचं नाही, कधीच नाही. आपाने मला ते पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. कंपनी या मशीनला आतून कुलूप घालूनच विकते, विकत घेतलेला गेम असेल तरच चालतो. जगात कुठेतरी काही हॅकर लोकांनी ते कुलूप तोडलं, कसं तोडलं तेही नेटवर टाकलं, आणि आपाच्या भावाने ते व्हिडिओ बघून घरबसल्या आपलं मशीन खोललं. मग त्यात ढीगभर गेम फुकटात भरले. पण कंपनीही गप्प बसत नाही. नेट मिळालं की मशीन नवं अपडेट ओढून घेतं, कुलूप परत लागतं आणि भरलेले गेम बंद पडतात. म्हणून ही सगळी काळजी.

आम्ही तिघी त्यातला एकच गेम खेळायचो. नदीकाठची मोकळी जमीन असते आणि तिथे गाव वसवायचं. घरं, विहिरी, रस्ते, शाळा, बाजार. आपा हिशेबाची पक्की, ती बाजार बघायची. मी रस्ते आखायचे. सिस्टर घरं बांधायची आणि ती सगळी टेकडीवर. नदीजवळची जमीन सपाट आणि सुपीक आहे, तिथे बांध, असं आपा म्हणायची. सिस्टर मान डोलवायची आणि पुढचं घर पुन्हा टेकडीवरच उभं करायची. हळूहळू आमचं गाव खूप मोठं झालं. संध्याकाळी भाकरी आटोपल्या की टीव्हीसमोर सतरंजी टाकायची आणि गावात काय करायचं यावर वाद घालायचा, असा आमचा दिनक्रम झाला होता.

उन्हाळ्यातली गोष्ट. अंगणात घरमालकिणीने अमचूर वाळत घातला होता, त्याचा आंबूस वास घरभर असायचा. मी ऑफिसातून आले तेव्हा आपा टीव्हीसमोर उभी होती. मशीन चालू होतं, पण आमच्या गावाच्या चित्रावर कुलपाची खूण आली होती. बाकी सगळ्या गेमवरही तीच खूण. आपाने वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू याला नेट जोडलं होतंस का?"

प्रश्नापेक्षा मला आधी त्याची भाषा लागली. तिने मराठीत विचारलं होतं. बँकेत समोर आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे, मी फक्त विचारलं. मग ती भावाला फोन लावून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. माझं नाव तिने घेतलं नाही, पण "कॉम्प्युटरवाली" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

तिचंही बरोबर होतं एका अर्थी. घरात नेटचं कळणारी मीच. ऑफिसचं डोंगल माझ्या पर्समध्ये असायचं. आपाला स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करता येत नव्हतं, ते मीच करून द्यायचे. सिस्टर तर मशीनला माझ्याशिवाय हात लावत नाही असाच आमचा समज होता. चौथ्या कोणाचं घरात येणं-जाणं नव्हतं. मग राहिलं कोण?

सिस्टर ड्यूटीवरून आली तेव्हा आपाने तिलाही सांगितलं. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. सिस्टर टीव्हीकडे बघत राहिली, मग पाय धुवायला गेली. मला तेव्हा वाटलं, हिला गाव गेल्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर घरातलं वारंच बदललं. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आपा माझ्याशी मराठीत बोलत राहिली. तिने स्वतःचा फोन टेबलावर ठेवणं बंद केलं, आंघोळीला जातानाही सोबत न्यायची. एकदा मी तिच्या खोलीत चार्जर घ्यायला गेले तर ती मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. मी चार्जर दाखवला. ती म्हणाली, घे ना, मी काही म्हटलं का?

मग मीही संशय घ्यायला लागले. मला वाटलं, हिनेच केलं असेल. चुकून काहीतरी दाबलं असेल आणि भावाला तोंड दाखवायला माझं नाव पुढे केलं असेल. तिच्या फोनचं हॉटस्पॉट माझं बघून बघून तिने स्वतःच लावून बघितलं असेल. ऑफिसात बसल्या बसल्या मी तिच्या जुन्या वाक्यांचे अर्थ लावत बसायचे. मध्यंतरी ती म्हणाली होती की या खेळात फार वेळ जातो. म्हणजे तिला तो बंदच व्हायला हवा होता की काय?

आणि सिस्टर. सिस्टर अचानक माझ्याशी फार चांगली वागायला लागली. माझ्या वाटणीची भांडी घासून ठेवायची. मी उठायच्या आत चहा झालेला असायचा. एकदा माझ्यासाठी गावाकडून मध घेऊन आली. त्या चांगुलपणाने मी आणखीच बिथरले. मला वाटलं, आपाने हिला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय आणि हिला माझी दया येतेय. दया करणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, म्हणून मी तिच्याशी बोलणंच कमी केलं. मध तसाच फळीवर राहिला.

शेवटी मीच आपाला म्हटलं की मशीन नंदुरबारला दाखवू. माझी अट एकच होती, तिने सोबत यायचं. मी एकटी घेऊन गेले असते तर दुकानदाराने काय सांगितलं याच्यावर तिचा विश्वास बसला नसता, आणि ती एकटी गेली असती तर माझा. सुट्टीच्या दिवशी आम्ही मशीन चादरीत गुंडाळून जीपमध्ये बसलो. घाटभर ते माझ्या मांडीवर होतं आणि आपाचा हात त्याच्यावर. वळणावर पडू नये म्हणून असेल. मला मात्र तेव्हा तसं वाटलं नाही.

दुकान मोबाईल दुरुस्तीचं होतं. मागे एक माणूस फक्त गेमची मशीनं बघायचा. त्याने आमचं मशीन टीव्हीला जोडलं आणि बराच वेळ आत काय काय उघडून बघितलं. मग म्हणाला, याला नेट कधी लागलेलंच नाही. कुठल्याच वायफायची नोंद आत नाही. अपडेट झालंय, पण नेटवरून नाही.

आपाने विचारलं, मग कुठून झालं? तो म्हणाला, ओरिजिनल सीडी घातली होती का कोणी? नव्या सीडीत गेमसोबत कंपनीचं अपडेटही येतं. सीडी घातली की मशीन विचारतं, अपडेट करू का. हो म्हटलं की संपलं. आम्ही दोघींनी सांगितलं की आमच्याकडे सीडीच नाही, सगळे गेम आत भरलेले आहेत. मशीनला सीडीची फट होती, पण त्या फटीचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

त्याने एक बटण दाबलं. घरघर आवाज झाला आणि फटीतून एक कोरी करकरीत सीडी बाहेर आली. तिच्यावर शेताचं चित्र होतं. नांगरलेली जमीन, लाल ट्रॅक्टर.

आपा माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "तुन्ही शे का हाई?"

"नही," मी म्हटलं. "मन्ही नही."

त्या सगळ्या आठवड्यांनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा अहिराणीत बोलली होती. पुढे दोघींनाही काही बोलावं लागलं नाही. शेतीचा गेम असता तर मजा आली असती, असं घरात एकच बाई म्हणायची. आणि ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला ट्रेनिंगसाठी नाशिकला जाऊन आली होती.

दुकानदाराला मी विचारलं, मशीन परत खोलता येईल का? तो म्हणाला, कंपनीने नवं कुलूप घातलंय, ते अजून कोणी तोडलेलं नाही. तोडतील कधीतरी. आपाने विचारलं, आमचं गाव? त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने आत बघून सांगितलं की साठवलेलं सगळं आतच आहे, पुसलेलं नाही. उघडणार मात्र नाही. भावाने भरलेली कॉपी परदेशातली होती, इथली सीडी विकत आणली तरी तिला तो साठा चालणार नाही. म्हणजे टेकडीवरची घरं, बाजार, माझे रस्ते सगळं त्या डब्यात जसंच्या तसं होतं. त्याला हात लावायची सोय तेवढी राहिली नव्हती.

घरी आल्यावर आपाने सीडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. सिस्टर पीठ मळत होती. तिने सीडी बघितली आणि हात धुऊन खाली बसली. आम्ही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. नाशिकला एका दुकानात दिसली, आपाला ईदला द्यायची होती. आपा मशीनचे काही पैसे घेत नाही, वर तिच्या भावाची वस्तू आपण वापरतो, हे सिस्टरला बरेच दिवस टोचत होतं. नेट लावायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. सीडीने काय होणार? चालते का ते बघावं म्हणून दुपारी ड्यूटीवरून जेवायला आली तेव्हा, घरात कोणी नसताना तिने ती घातली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं आणि तिने हो केलं, फोनवर आपण सगळेच करतो तसं. मग कुलपं दिसली. घाबरून तिने दिसतील ती बटणं दाबली, सीडी काही बाहेर येईना, म्हणून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"त्याच दिवशी सांगणार होते," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पण मी आले तोवर आपाचं तुला विचारून झालं होतं. मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं."

आपा उठली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे आता, एवढं काय त्यात. इतक्या सहज. मला तो सहजपणा गिळवला नाही. माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता, आणि त्या दिवशीही ठेवला नाही. आपा मला एवढंच म्हणाली की चल, मिटलं एकदाचं.

ती सीडी मात्र चालत होती. संध्याकाळी आम्ही तिघी शेती करायला लागलो. ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, कापायचं. आपा मन लावून खेळायची, सिस्टरही. मी कोरीटची, माझ्या घरी हेच खरं चालतं, मला त्यात रस वाटेना. पर्सची चेन लावून ठेवायची सवयही मला तेव्हाच लागली, ती सुटली नाही. आपा फोनवर बोलायला आत गेली की माझे कान आपोआप तिकडे जायचे.

पुढच्या हिवाळ्यात आपाचा भाऊ सुट्टीवर आला आणि मशीन न्यायला धडगावला आला. मोठा गोड बोलणारा माणूस. सिस्टर ड्यूटीवर होती. आपाने माझी ओळख करून दिली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अच्छा, नेट जोडणाऱ्या त्या तुम्हीच का?"

मी आपाकडे बघितलं. ती कपांत चहा ओतत होती. कप भरले होते तरी तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, नेटने नाही, सीडीने झालं. दुकानदाराने दाखवलंय. तो पुन्हा हसला. "पण सीडी आली कुठून? मी तर एकही ठेवली नव्हती." त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मला सांभाळून घेतोय असा भाव होता आणि तो रागापेक्षा वाईट होता. नाव माझ्या जिभेवर होतं. का कोण जाणे, मी ते घेतलं नाही. चहा घ्या म्हटलं.

तो वायरी गुंडाळायला बाहेरच्या खोलीत गेला तशी आपा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिन्हं नाव नको काढू. तिले वाईट वाटी." मी विचारलं, आणि माले? त्यावर तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि मोरीत नेऊन ठेवला.

भाऊ मशीन घेऊन दुपारच्या जीपने गेला. संध्याकाळी सिस्टर आली. टीव्हीखालची मोकळी जागा तिला दारातूनच दिसली. चप्पल न काढता ती तिथेच थांबली आणि विचारलं, "काही म्हणाला का तो?"

"नाही," आपा म्हणाली.

सिस्टरने मग माझ्याकडे बघितलं. मी तवा चुलीवर ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.