डार्सीची बाटली

ग्लेनिस ट्रेगेन्झा अॅडलेडच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पेशींना जेवू घालत होती. नवरा मरे हे चारचौघांत असंच सांगायचा आणि वर म्हणायचा, "मला मात्र आपलं आपण वाढून घ्यावं लागतं." विनोद बरा होता, पण गेली दोन वर्षं त्यातलं हसू उडालं होतं. कॅराव्हॅन अंगणात उभी होती. समुद्रकाठी कॉफिन बेला जाऊन तीन आठवडे व्हायटिंग मासे पकडायचे, असा बेत दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. कारण सोमवार आणि गुरुवार. पेशी चार दिवसांपलीकडे उपाशी राहत नाहीत, आणि डार्सीच्या बाटलीला ग्लेनिस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

डार्सी सतरा वर्षांचा असताना एका दुर्मीळ आजारानं गेला. आजार समजावा म्हणून त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली होती. संशोधन संपलं, गोठवलेल्या कुप्या टाकून दिल्या, एक बाटली तेवढी उरली. तीही जायची, पण त्याची आई कोरली मूनटाहून दोन तास गाडी हाकत आली आणि म्हणाली, "एकदा बघू दे." ग्लेनिसनं दाखवलं. तिथेच ग्लेनिस अडकली. मग दर गुरुवारी कोरली कागदात गुंडाळलेल्या पास्ट्या, मटण-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, घेऊन यायची आणि पंधरा मिनिटं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायची. नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दर गुरुवारी बाटली भरलेली असे. ग्लेनिस निम्म्या टाकून निम्म्या पेशी नव्या बाटलीत घालायची आणि वर नाव आणि ही कितवी बाटली तो आकडा लिहायची. पेशी दुभंगण्याआधी आपल्या आतल्या डीएनएच्या धाग्याची हुबेहूब नक्कल करते, एक प्रत हिला, एक तिला. फक्त दर नकलेत धाग्याची टोकं जराशी तोकडी होतात, धुऊन धुऊन टॉवेलची कड झिजावी तशी. कातडीची पेशी पन्नासेक वेळा हे सोसते आणि मग थांबते. मरत नाही लगेच, पण पुन्हा दुभंगत नाही.

डार्सीच्या थांबल्या नाहीत. साठ झाले, सत्तर झाले, शंभर झाले. आधी त्या लांबोळक्या, माशांच्या थव्यासारख्या एका दिशेनं चाललेल्या असत. आता बुटक्या आणि चौकोनी दिसत होत्या. ग्लेनिस स्वतःला सांगायची, पेशींच्या खाण्यात घालायच्या वासराच्या रक्ताचा नवा माल आलाय, त्याचा परिणाम असेल. सव्वीस वर्षं मुरलेली बाई इतकी भोळी नसते. ती कानाडोळा करत होती आणि तिला ते कळत होतं.

शेवटी तिनं पेशींना औषध घातलं. त्यानं पेशी दुभंगता दुभंगता मध्येच अडकते, गुणसूत्रं मांडून ठेवलेली आणि पुढे जाता येत नाही. तेव्हाच ती मोजता येतात. शेहेचाळीस हवी होती, अडुसष्ट निघाली. पुरुषाच्याच पेशीत असणारं छोटंसं वाय गुणसूत्र कुठेच नव्हतं. ग्लेनिस बराच वेळ त्या अडकलेल्या पेशीकडे बघत राहिली. आपलंही हेच झालंय, असं तिला वाटलं आणि स्वतःची दया येऊन रागही आला.

चूक कुठे झाली तेही तिला आठवलं. चाळिसाव्या आकड्याच्या सुमाराला कोरली लवकर येऊन दारात उभी राहिली होती. तिला ताटकळत ठेवायला नको म्हणून ग्लेनिसनं डार्सीच्या बाटलीला आणि शेजारच्या दुसऱ्या वाणाच्या पेशींच्या बाटलीला एकाच भांड्यातलं खाणं घातलं होतं. प्रत्येक वाणाचं भांडं वेगळं, हा नियम ती नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायची.

गुरुवारी सकाळी तिनं मरेला सांगितलं, "कॅराव्हॅनच्या चाकांत हवा भरून ठेव." मग प्रयोगशाळेत येऊन पेशी मारायच्या ब्लीचची बाटली काढून ओट्यावर ठेवली.

कोरलीनं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. "आज गर्दी आहे गं. लहानपणीही असाच, एका जागी बसायचा नाही."

"कोरली, त्या डार्सीच्या नाहीत."

कोरलीनं मान वर केली नाही. "मग कुणाच्या?"

"एका बाईच्या. तिच्या कर्करोगाच्या गाठीतल्या, इथे दुसऱ्या बाटलीत वाढतात. माझ्या हातून त्यातला थेंब इकडे आला, आणि त्या इतक्या भराभर वाढतात की डार्सीच्या मागे पडल्या. त्याच्या केव्हाच संपल्या असणार."

"तुला कधी कळलं?"

"नक्की सोमवारी. संशय वर्षभर होता."

"मार्चमध्ये मी केक आणला होता," कोरली म्हणाली. "त्याच्या वाढदिवसाचा. तू पण खाल्लास."

कोरलीनं डोळे पुसले आणि पुन्हा काचेला लावले. ओट्यावरचं ब्लीच तिनं पाहिलं होतं.

"ती बाई आहे का?"

"नाही. फार वर्षं झाली."

"तिला बघायला येतं कुणी?"

"कुणी नाही."

"मग राहू दे," कोरली म्हणाली. "सोमवारी खायला घाल. मी गुरुवारी येते."

पास्ट्या ठेवून ती गेली. मरेचा निरोप येऊन पडला होता, चारही चाकांत हवा भरली. ग्लेनिसनं फोन पालथा घातला, ब्लीच फडताळात ठेवलं, निम्म्या पेशी नव्या बाटलीत घातल्या आणि वर लिहिलं: डार्सी, एकशे पाच.