हेडसेटमध्ये आलेला आवाज

असे चमत्कारिक अनुभव मी मोबाईलवर वाचते आणि मनात म्हणते, काहीतरीच. आमच्या घरात अंगात येणं, उतारा, देवऋषी कधीच नव्हतं. असलं काही मानायचं नाही, हेच बुद्धविहारात लहानपणापासून शिकलो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. चौथी शिकलेय, लिहिताना चुकणारच…

मी धायरीत राहते, सदाशिव पेठेत दोन घरी पोळ्या करते. मुलगी स्कॉलरशिपवर पायलट झाली, पुण्याबाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते. ढगात बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा नुसते समोरचे काटे बघून विमान चालवायचं असतं. ते शिकवायची परवानगी तिला हवी होती. पण तिथले मोठे सर सही करेनात. म्हणायचे, "तुला येतं सगळं. पण पोराच्या हातातून विमान काढून घेतेस. हात मांडीवर राहील त्या दिवशी तू तयार." यावेळीही नाही म्हणाले असते, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

घरी तिची विद्यार्थिनी मी. कपाटाला काट्यांचं चित्र चिकटवलेलं, बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर पुढे लांब पट्टी असलेली टोपी, हातात स्टीअरिंग म्हणून जेवणाचं ताट. ती म्हणायची, डावीकडे कललंय, सरळ कर. मी विचार करेपर्यंत ताट तिच्या हातात. मोबाईल, बँकेचं काम, भाजी चिरणं… सगळंच ती असं काढून घेते. सर विमानात मागे बसून तिचं शिकवणं बघणार होते त्या दिवशी सकाळी म्हणाली, "राहू दे आई, तुला या जन्मात जमायचं नाही."

ते लागलं. दुपारी कामावरून आले, दार लावलं आणि एकटीच टोपी घालून बसले. म्हटलं, हिसकावणारं कुणी नसताना बघू तरी.

आणि ताट डावीकडे जड झालं… कुणी ओढावं तसं. खुर्ची कलतेय असं वाटलं. मग उजवीकडून तिचा हात येतोय असं जाणवलं — दिसला नाही, पण तो हात मी ओळखते. तोंडून मोठ्याने निघालं, "थांब. मला करू दे." तिला असं मी कधी बोलले नव्हते. ताट हळूहळू सरळ झालं. टोपी काढली, घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी ती आली आणि चपला न काढता ओट्यापाशी उभी राहिली. सरांनी सही केली होती. तशीच टोपी घातलेल्या तिच्या विद्यार्थ्याने विमान डावीकडे कलू दिलं, तिचा हात निघालाच होता… "हेडसेटमध्ये तुझा आवाज आला, आई. थांब, मला करू दे. माझा हात तिथेच राहिला. त्यानेच सरळ केलं."

मी ताटाचं सांगितलं. ती पांढरी पडली. मग म्हणाली, "कुणाला बोलायचं नाही. पायलटला आवाज ऐकू येतात कळलं तर मेडिकल जाईल, उडणंच बंद." खरंच होतं ते. म्हणून हे नुसतं लिहून ठेवतेय, कुठे पाठवणार नाही.

पुढे एकदा विचारलं, नक्की माझाच आवाज होता का गं? तर म्हणाली, "कसला आवाज? त्या गोष्टी वाचणं बंद कर." विहारात सत्कार झाला, तेव्हा माइकवर म्हणाली की थांबायला सरांनी शिकवलं. मागच्या रांगेत मीही टाळ्या वाजवल्या.

तिच्याकडे शिकणारी मुलं म्हणे कौतुक करतात, मॅडम किती वेळ देतात. काल मी फोनवरून गॅसचा नंबर लावत होते. तिने मोबाईल हातातून घेतला — "दे इकडे, तासभर लावशील."

"थांब, मला करू दे," मी म्हटलं. तिला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी इतक्या लांब, विमानात तो आवाज कसा गेला, मला अजून कळलेलं नाही. हातभर अंतरावरून का जात नाही, तेही नाही.