चांदणीची गाडी

"भाऊजी, हे उठून नाही राह्यले," सकाळी सातला सुधाकरच्या घरून वहिनींचा फोन आला, आणि मी, गाढव माणूस, हसत म्हणालो, "पाणी मारा तोंडावर, सोंग करून राह्यला तो." सुधाकर झोपेतच गेला होता. कधी साधा ताप न आलेला माणूस, आदल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून दोन कप चहा पिऊन गेलेला! पाच आठवडे झाले, तरी ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सुधाकर ढाणकीचा घोडीवाला. "आमच्या आजोबांना नवरदेव असूनही गावानं घोडीवर बसू दिलं नव्हतं, म्हणून मी हा धंदा धरला," असं तो हसत हसत सांगायचा. मी त्याचा लहानपणचा दोस्त, वणीला कोळशाच्या ट्रकवर आयुष्य काढून गावी परतलेला. दोन वर्षांपूर्वी वरातीहून पायी येताना त्याची आधीची घोडी एका ट्रकखाली गेली. ट्रक माझा नव्हता, पण त्या दिवशी माझ्याच्यानं त्याच्याकडे पाहवेना. तो एवढंच बोलला, "आता माह्यं जनावर रस्त्यानं पायी जाणार नाही." मग चांदणी ही नवी घोडी आणली, आणि आम्ही दोघं तिच्यासाठी गाडी पाहायला निघालो.

गाडी पाहणं कसलं, पोरीसाठी स्थळ पाहणं परवडलं! यवतमाळात जुनी पिकअप घ्यायला आलेले लोक इंजिन पाहतात, टायर पाहतात. हा बुवा थेट मागच्या हौद्यात चढायचा, हात पाठीशी बांधून उभा राहायचा आणि मला म्हणायचा, "चाल, खड्ड्यातून घे."

"अबे, पडशीन ना! धर कुठंतरी."

"घोडीले हात असते का धरायले? तिले सांगता येत नाही, म्हून मी सांगतो."

दलाल तोंडावर रुमाल धरून हसायचे. पहिली गाडी फार उंच निघाली. दुसरीत सायलेन्सरचा धूर हौद्यात येत होता. तिसरीत मी ब्रेक दाबला आणि तो खरंच आडवा झाला, कपाळाला खोक पडली. मी घाबरून धावलो, तर बसल्या बसल्या म्हणतो कसा, "पत्रा घसरते. हेही नाही." मी इतका चिडलो की परतीच्या वाटेवर त्याच्याशी बोललोच नाही. चौथी गाडी पसंत पडली. हौद्यात अंथरायला खाणीच्या भंगारातला जाड रबरी पट्टा मी वणीहून आणून दिला. त्यावर तो दहा वेळा उड्या मारून आला, तेव्हा कुठे समाधान झालं.

आणि आता तोच नाही... नातेवाइकांनी ठरवलं, घोडी आणि गाडी दोन्ही विकून टाकायची. बाईमाणसानं कुठं वरातीमागं फिरायचं? लाज वाटते, पण मीही मान डोलावली. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. सुधाकर गेल्यापासून त्या कोणाशीच बोलत नव्हत्या, रडल्यासुद्धा नव्हत्या.

गेल्या सोमवारी चंद्रपूरकडचं गिऱ्हाईक आलं. माणूस भला होता, सौदाही पसंत होता. पण चांदणी काही केल्या गाडीत चढेना. गूळ दाखवला, डोळ्यांवर फडकं बांधलं, दोघांनी मागून रेटलं. ती चारी पाय रोवून उभी.

"तुमचे मित्र कसे चढवत होते हिले?" त्यानं मला विचारलं.

मला ठाऊक होतं. सुधाकर तिला ओढायचाच नाही. आधी स्वतः चढायचा, तिच्याकडे पाठ करायचा आणि तिला विसरल्यासारखा उभा राहायचा. मग ती आपणहून वर यायची आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकायची. मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"मले नाही मालूम," मी म्हणालो.

तशा वहिनी उठल्या. पदर खोचला, चिखलाच्या पायांनी हौद्यात चढल्या आणि आमच्या सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. चांदणीनं कान टवकारले, एक पाय टाकला, दुसरा टाकला, वर गेली आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. वहिनींचा बांध फुटला. पाच आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं... मलाही आवरेना.

बऱ्याच वेळानं, तशाच पाठमोऱ्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, या पाहुण्यायले चहा पाजा अन् रवाना करा. परवा फुलसावंगीची वरात हाय. गाडी तुमी चालवा, लगाम मी धरन."