लालीच्या उडीसाठी बेलापूरला

लालीने उडी मारणं सोडलं, म्हणून मी गाडी काढली. लाली ही माझी पाच वर्षांची कारवान कुत्री. लांब पाय, निमुळतं डोकं आणि स्वभाव भलता मानी. अडथळ्यांच्या शर्यतीत मी शेजारून पळायचं, तिने दांड्यांवरून उड्या घ्यायच्या, हा आम्हा दोघींचा जीव की प्राण. गेल्या स्पर्धेत दांडीत पाय अडकून ती पडली. डॉक्टरांनी नीट तपासलं, कुठे काही लागलेलं नव्हतं. पण तेव्हापासून दांडी दिसली की बाईसाहेब ब्रेक लावतात. पुण्याची स्पर्धा तोंडावर आली होती. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या नसरीनआपा हा खेळ शिकवतात असं कळलं आणि मी मनाशी ठरवलं, तिथे उडाली तर स्पर्धा, नाहीतर शर्यती कायमच्या बंद.

सकाळी लवकर पुणे सोडलं. सुप्याला मिसळ खाल्ली, नगर ओलांडलं आणि राहुरीच्या पुढे मोठा रस्ता सोडून बेलापूरकडे वळलो. उसाच्या हंगामात जाणार असाल तर घाई करू नका. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की तो म्हणेल तोच वेग! लालीने खिडकीतून नाक बाहेर काढून उसाचा वास मनसोक्त घेतला.

आपा पूर्वी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. कांदा निघालेल्या वावरात त्यांनी मैदान केलंय. दांड्या प्लास्टिकच्या पाइपच्या, बोगदा ताडपत्रीचा. मुक्काम शेतातल्याच खोलीत. जेवायला बाजरीची भाकरी आणि अंड्याचा झणझणीत रस्सा. राहणं, जेवण, शिकवणं सगळं धरून पुण्याजवळच्या एखाद्या रिसॉर्टपेक्षा स्वस्तच पडतं.

"कुत्रं बांधा, ताई. आज तुमी एकट्याच पळा," आपा म्हणाल्या.

या खेळाची ही रीतच आहे. शर्यतीआधी माणसाने कुत्र्याशिवाय सगळा मार्ग फिरून पाठ करायचा. हात पुढे करायचा, रिकाम्या हवेला हाका मारायच्या. तेव्हा कुत्र्याला मैदानात मनाई असते. मी "लाली, हॉप!" ओरडत पळत होते, तेवढ्यात बांधाशी मोटारसायकलवरचे दोघे थांबले.

"बाईचं काय हरवलंय का?"

"न्हाई, कुत्र्याची प्रॅक्टिस चाललीय," आपा म्हणाल्या.

"आन् कुत्रं कुटं हाय?"

आपांनी लिंबाखाली बांधलेल्या लालीकडे बोट दाखवलं. त्या दोघांनी मोटारसायकल बंद केली आणि बांधावरच बैठक मारली.

दुसऱ्या दिवशी दांड्या जमिनीवर ठेवल्या. लाली त्या ओलांडून गेली. वीतभर वर उचलल्या, की थांबली. मी चिकन दाखवलं, लाडीगोडी लावली, शेवटी रागावलेही. तिने तोंड फिरवलं. रात्री मी अर्ध्या भाकरीवरच उठले.

"उद्या एक डाव बघू," आपा म्हणाल्या. "न्हाई जमलं तर न्हाई. तिच्यावर चिडू नका."

तिसऱ्या सकाळी आपांनी दांड्या गुडघ्याएवढ्या लावल्या. लालीला बांधून मी आधी एकटीच निघाले, खरं तर आशा सोडूनच. हात पुढे, हवेला हाका. तिसऱ्या दांडीपाशी डावीकडे पावलं वाजली. निमुळतं डोकं पट्ट्यातून सोडवून लाली आली होती आणि मी जिथे हवेला बोलवत होते, नेमकी तिथेच पळत होती. उडाली! पुढचीही दांडी पार!

"पळा! थांबू नका!" आपा ओरडल्या. शेवटच्या दांडीनंतर मी मातीतच बसले आणि तिला मिठी मारली. इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

मग रीतसर सुरुवात केली. लाली रेषेवर, आपांच्या तोंडात शिट्टी. पहिल्याच दांडीशी ब्रेक. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिला नुसतं मोकळं सोडून मी एकटी निघाले, तर ही मागून येऊन सगळ्या दांड्यांवरून गेली.

"लई शहाणी हाय," आपा हसल्या. "पन स्पर्धेत कुत्र्यानं शिट्टीवर, रेषेवरनंच निघावं लागतंय. असं मागनं आलेलं चालत न्हाई, ताई."

ते मलाही ठाऊक होतं. परतताना शिरूरपर्यंत अधूनमधून रडत गाडी चालवली. लाली मागच्या सीटवर गाढ झोपली होती.

घरी आल्यावर आयोजकांना फोन करून नाव मागे घेतलं.

"पाय दुखावला का तिचा?"

"नाही हो. मस्त उडते. फक्त तिच्या मर्जीने."

"मग अडचण काय?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि खरंच नव्हती.